हाताची वजावट

अक्काताई खोतची भाकरी परातीतच फाटली. तिनं ती गोळा केली, पाण्याचा हात लावून पुन्हा मळली आणि पुन्हा थापायला घेतली. या खेपेला ती तव्यावर टाकताना दुमडली. तिसऱ्या भाकरीला तर अर्धी थापून व्हायच्या आतच मधोमध भेग गेली, आणि तेराव्या वर्षापासून रोज आठ-दहा भाकऱ्या करत आलेली ती अठ्ठेचाळीस वर्षांची बाई परातीपुढं नुसतीच बसून राहिली. पीठ शाळूचं होतं, ताजं होतं. पाणी ऊन होतं. हात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावल्यासारखे वागत होते.

तिचा नवरा सदाशिव एस.टी.तून निवृत्त झालेला वाहक. त्यानं चुलीकडं एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या भाकरी केंद्रातून तो चार भाकऱ्या कागदात बांधून घेऊन आला. त्यानं ते मायेपोटीच केलं होतं. पण अक्काताईला तो कागदाचा पुडा पाहून जे वाटलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. घरात ती असताना भाकरी विकत आली, हे तिच्या आईनं पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

हे तिसरं वर्ष होतं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात तिच्या भाकऱ्या थोड्या जाड व्हायला लागल्या आणि महिन्याभरात सुधारल्या. गेल्या वर्षी सगळा पावसाळा गेला, तेव्हा कुठं हात जागेवर आला. यंदा तो येण्याचं लक्षणच दिसत नव्हतं. सरकारी दवाखान्यात तिनं रक्त तपासून घेतलं. साखर नव्हती, थायरॉइड नव्हता. डॉक्टर म्हणाले, वय आहे बाई. कारखान्याचे मालक अण्णाही गेल्या वर्षी तेच म्हणाले होते. दोन शिकलेली माणसं एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर तिनं ती खरी मानली.

कारण कारखान्यातही तिचा हात गेला होता.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत अण्णांची, म्हणजे जिनगोंडा मगदूम यांची, छोटी फाउंड्री होती. जुन्या पंपांचे, जुन्या यंत्रांचे सुटे भाग तिथं ओतले जात. साल दोन हजार एकेचाळीस असलं तरी अशी कामं हातानंच होत होती, कारण पाच-पन्नास नगांसाठी वाळूचा साचा छापणारं यंत्र लावणं कुणालाच परवडत नव्हतं. पंपाच्या आत जी पोकळी असते ती आयती मिळत नाही. त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा करायचा, भाजायचा, साच्यात बसवायचा आणि मग त्याच्याभोवती लोखंडाचा रस ओतायचा. लोखंड थंड झालं की वाळू फोडून काढायची. या गाभ्याला सगळे कोअर म्हणत, आणि तो करणाऱ्या सहा बायका होत्या. वाळूत जवसाचं तेल आणि मळी किती घालायची, तळहाताच्या टाचेनं ती लाकडी पेटीत किती दाबायची, तारेनं वाफ जायला भोकं कुठं पाडायची आणि पेटीला नेमकी कुठं थाप मारली की कोअर अखंड बाहेर येतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. कोअर कमी दाबला गेला तर लोखंड आत घुसतं, जास्त दाबला तर कोंडलेली वाफ ओतकाम फोडून बाहेर येते. बावीस वर्षं अक्काताई त्या सहा जणींत पहिली होती. आता तिनं केलेला कोअर पेटीतून निघताना तुकड्यांत निघत होता, आणि बाकीच्या पाच जणींचीही तीच गत होती.

आता थोडं त्या यंत्राबद्दल आणि त्या कायद्याबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट खोटी वाटेल.

लहान कारखानदार कामगारांना शिकवत नाहीत अशी जुनी तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. आपण शिकवावं आणि शेजाऱ्यानं चार पैसे जास्त देऊन माणूस पळवावा, हा अनुभव प्रत्येकाच्या गाठीला होता. म्हणून सरकारनं करात सवलत काढली. जो लहान उद्योजक कामगाराला शिकवेल, त्यानं शिकवण्याच्या काळातल्या पगाराच्या तिप्पट रक्कम उत्पन्नातून वजा दाखवावी आणि उरलेल्यावर कर भरावा. झालं, गावोगावी कागदावरचे वर्ग भरले. मेलेली माणसं वेल्डिंग शिकली, दोन वर्षांची पोरं लेथ चालवायला लागली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय? तेव्हा सरकारनं ठरवलं की प्रमाणपत्र बघायचंच नाही, हातच मोजायचा.

आपण ज्याला हात बसणं म्हणतो ते खरं तर मेंदूत घडतं. नवीन काम करताना मेंदूचा पुढचा भाग राबतो, विचार करतो, चुकतो. सराव झाला की काम डोक्याच्या मागच्या आणि खोलच्या भागांकडं सोपवलं जातं, आणि मग विचार न करता बोटं चालतात. हे सोपवणं मोजता येतं. डोक्यावर एक टोपी आणि कोपराखाली एक पट्टा चढवायचा आणि माणसाला त्याचं काम करायला लावायचं. मेंदू किती कमी राबतो आणि स्नायू किती नेमके चालतात यावरून यंत्र शून्य ते शंभर असा आकडा देतं. शिकवण्याआधी एक आकडा, शिकवल्यावर एक. दोहोंत पन्नासाचा फरक असेल तर सवलत मंजूर. त्याच यंत्रातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडून शिकणं लवकरही करता येत होतं. वर्षाचं काम चार महिन्यांत. यंत्र प्रामाणिक होतं, ते बनवणारी माणसंही भली असावीत.

पण ज्याचा हात बसला, त्याचा आकडा आणखी कुठं चढणार? एक्क्याण्णववर पोचलेली बाई मालकाच्या करासाठी कुचकामी झाली. पहिल्या वर्षी कारखानदारांनी अशा माणसांना काढून नवशिके घेतले. बोंबाबोंब झाल्यावर नियम आला, की शिकवलेल्या कामगाराला तीन वर्षं काढता येणार नाही. कारखानदार हळहळले आणि सल्लागार कामाला लागले.

यंत्रात आणखी एक सोय होती. एखाद्याला मनगट चुकीचं फिरवायची खोड लागली आणि सांधा दुखायला लागला, तर ती खोड मोडता यावी म्हणून दिलेली. बसलेली सवय आपण वापरायला काढतो तेव्हा ती थोडा वेळ मऊ होते. ढेपेतला गूळ पुन्हा कढईत चढवावा तशी. तेवढ्यात उलटा प्रवाह दिला तर ती परत घट्ट होत नाही. खोड मोडण्यासाठी दिलेल्या या सोयीनं चांगला हातही मोडता येतो, हे कुणा शहाण्याच्या ध्यानात आलं. त्याला नाव मिळालं विश्रांती सत्र.

मगदूमांच्या कारखान्यात हे सत्र मार्चअखेरीला होई, भट्टीचं अस्तर बदलायला काम आठ दिवस बंद असे तेव्हा. हर्षल निंबाळकर नावाचा सल्लागार यंत्र घेऊन येई. बायकांना चहा आणि बटाटेवडा मिळे, भरपगारी दिवस मिळे. टोपी घालून त्या दिवसभर कोअर करत. हाताला आराम पडतो, असं त्यांना सांगितलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला त्यांनी शिकवण्यासाठी कारखान्यातच ठेवलेल्या तशाच टोपीलाही हार घालून हळदकुंकू वाहिलं होतं. ज्या सुरीनं मान कापली जाते आहे तिचीच बिचाऱ्या पूजा करत होत्या.

मग एप्रिलात हात गेलेला असे. मे महिन्यात सरकारची मोजणी गाडी येई आणि आकडा पंधरा-वीस असा लागे. मग शिकाऊ पगारावर चार महिने शिकायचं. पुढच्या मार्चच्या मध्याला, सत्राच्या आधी, गाडी पुन्हा येऊन शेवटचा आकडा नोंदवून जाई. पहिल्या वर्षी अण्णा म्हणाले होते, नव्या पेट्या आल्यात, नवं शिकायला लागेल. दुसऱ्या वर्षी म्हणाले, वय. तिसऱ्या वर्षी त्यांना काही म्हणावंच लागलं नाही, बायका स्वतःच वय वय करायला लागल्या होत्या.

*

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेरून करवून घेतलेल्या कोअरची एक पेटी नमुना म्हणून बायकांपुढं ठेवली गेली. अक्काताईनं एक कोअर उचलला आणि सवयीनं उलटा केला.

कोअर करणाऱ्या बायकांची एक रीत होती, जी मालकांना माहीत नव्हती आणि सल्लागाराला असण्याचं कारणच नव्हतं. कोअरचं जे टोक साच्याच्या खाचेत बसतं, त्याचा ठसा लोखंडात उतरत नाही. तिथं प्रत्येक बाई आपली नखखूण दाबायची, म्हणजे नग बिघडला तर कुणाचा ते कळतं आणि दुसरीवर आळ येत नाही. आणि शिकलेली बाई आपल्या गुरूची खूण घेऊन त्यात एक नख वाढवायची. अक्काताईची खूण दोन नखांची होती. या कोअरवर तीन होती.

तीन नखांची खूण जगात एकाच बाईची. रेहाना मुजावर. आठ वर्षांपूर्वी अक्काताईनं तिला एकटीलाच हाताला धरून शिकवलं होतं. लग्नानंतर ती शेजारच्या शिये गावात राहायला गेली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच कोअर करून विकू लागली. तिच्याकडं कामाला कुणी नव्हतं, त्यामुळं सवलत नव्हती आणि टोपीही नव्हती.

सोमवारी कारखान्याला सुट्टी असे. अक्काताई बस धरून शियेला गेली. रेहानानं पाया पडून तिला आत नेलं आणि सरबत दिलं. अक्काताईनं हात गेल्याचं सांगितलं, वयाचं सांगितलं. ती ऐकता ऐकता रेहानाचा चेहरा बदलत गेला. मगदूमांची मागणी आपल्याला तीन वर्षं येते, ती म्हणाली, बरोबर एप्रिलात सुरू होते आणि ऑगस्टात थांबते. तुमच्या सहा जणींचा हात त्याच महिन्यात जातो आणि त्याच महिन्यात येतो.

"वय काय असं हंगामी असतंय व्हय, अक्का?" रेहाना म्हणाली. "आंब्यासंगं येतंय आणि श्रावणात जातंय?"

अक्काताईनं सरबताचा पेला खाली ठेवला. तिला मार्चमधला तो बटाटेवडा आठवला. पहिल्या वर्षीचा सत्राचा दिवस, त्या रात्रीच्या जाड भाकऱ्या, दुसऱ्या वर्षीचा दिवस, तिसऱ्या वर्षीचा. तिनं ते एकापुढं एक मांडलं आणि आपला तळहात उलटा करून पाहिला. हात काही कारखान्याचा वेगळा आणि घरचा वेगळा नसतो. तळहाताच्या ज्या टाचेनं ती वाळू दाबायची, तिनंच भाकरी वाढवायची. एक सवय मोडायला घेतल्यावर दुसरी कशी शाबूत राहील? आणि कारखान्याचा हात परत बसवायला यंत्र होतं. आईनं मागं बसून, तिच्या हातांवर हात ठेवून दिलेलं वळण परत द्यायला आई जिवंत नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांच्या केबिनमध्ये गेली. अण्णा वाईट माणूस नव्हते, हे सांगायलाच हवं, आणि त्यानंच जास्त चीड येते. अक्काताईच्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतः पंगतीत वाढलं होतं. टाळेबंदीच्या काळात त्यांनी एकाही बाईचा पगार कापला नव्हता. त्यांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"सत्रात आमचा हात पुसता का, अण्णा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं असावं, पण बावीस वर्षांच्या माणसापुढं ते जमलं नाही.

"पुसतो म्हणू नको," ते म्हणाले. "सैल करतोय. परत बसवतोय की नाही आपण? सगळं कायद्यात बसतंय, निंबाळकरांनी दाखवलंय मला."

"मी कायदा न्हाई विचारलो."

मग अण्णांनी तिला समजावलं. शेजारच्या गल्लीत तीन फाउंड्र्या बंद पडल्या. सगळेच हे करतात, एकट्यानं नाही केलं तर तो दराला मागं पडतो आणि संपतो. तुम्हाला सहा जणींना ठेवता यावं म्हणूनच केलं. कुणाचं रक्त काढलं नाही, कुणाला मारलं नाही. दरवर्षी शिकायला मिळतं, त्यात वाईट काय? अक्काताईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि मग भाकरीचं सांगितलं. अण्णांना आधी कळलंच नाही. कळल्यावर ते खरोखर गोंधळले. भाकरीचा आणि कराचा संबंध त्यांच्या डोक्यात कुठं बसेना.

"भाकरी काय, विकत मिळते की गं," ते म्हणाले.

ते चिडून बोलले नव्हते. उपाय सुचवावा तसं बोलले होते. अक्काताईचे कान तापले. आपल्या आयुष्यातलं काय गेलं हे या माणसाला कधीच कळणार नाही, आणि न कळण्याची त्याला वर्षाला तिप्पट वजावट मिळते, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. ती वळून बाहेर आली.

तिनं पाच जणींना सांगितलं. एक रडली, एकीनं शिव्या घातल्या. आत्ताच्या आत्ता काम सोडू, असं तिघींचं ठरलं. तेव्हा त्यांच्यातली सगळ्यांत वडील मालन शिंगे म्हणाली, सोडून जाणार कुठं? हात असता तर चार कारखाने दारात आले असते. बिनहाताची बाई कोण घेतो? ते खरं होतं. हात काढून घेतल्यावर पायांना बेडी घालावी लागत नाही. आणि पुढच्या मार्चात बटाटेवडा पुन्हा येणार होता.

मोजणी गाडी यायला पाच आठवडे होते. अक्काताई म्हणाली, तोवर आपला हात आपणच आणायचा.

*

पुढच्या सोमवारी ती रेहानाच्या शेडमध्ये पेटीपुढं बसली. रेहाना तिच्या मागं बसली आणि तिनं आपले हात अक्काताईच्या हातांवर ठेवले. दोघींनाही क्षणभर संकोच वाटला. आठ वर्षांपूर्वी या दोघी नेमक्या उलट्या बसल्या होत्या.

"वाळू मुठीत दाबा आणि मूठ उघडा," रेहाना म्हणाली. "बोटांचे ठसे ऱ्हायलं पाहिजेत. आता मधनं मोडा. कड धारदार मोडली तर वाळू झाली."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की. आणि कड भुसभुशीत मोडली तर पाठीत धपाटा घालत होता."

अक्काताईला हसू आलं आणि मग रडू आवरेना. तिच्या तोंडून गेलेले शब्द, तिची रागवायची तऱ्हा, पेटीला थाप मारण्याआधी श्वास धरायची तिची खोड, सगळं या पोरीनं जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं. तिच्या डोक्यातून जे सैल करून फेकलं होतं, ते दुसरीच्या हातात धडधाकट होतं. कुठल्या सल्लागाराला तिथवर पोचता आलं नव्हतं.

जुनी वाट गवतानं बुजली तरी पायाला लवकर सापडते. हाताचंही तसंच असतं. दुसऱ्या आठवड्यात तिचे कोअर अखंड निघू लागले. मग कामावरून सुटल्यावर मालनच्या अंगणात सहा जणी बसू लागल्या. अक्काताई मालनच्या हातावर हात ठेवायची, मालन पुढचीच्या. रेहाना वाळू पाठवायची आणि त्याबद्दल काही घ्यायची नाही. सरकारनं पाच वर्षं जे शिकवणं शिकवणं म्हणून डंका पिटला होता, ते तिथं त्या अंगणात चाललं होतं, आणि त्याला एका पैशाची वजावट नव्हती.

कारखान्यात मात्र त्या मुद्दाम नग मोडत. निंबाळकर पाहणीला आला तेव्हा मालननं कोअर असा काही पाडला की वाळू त्याच्या बुटांत गेली. त्यानं समाधानानं मान हलवली आणि आकडे चांगले खाली असतील असं अण्णांना सांगितलं.

*

मे महिन्याच्या मध्याला मोजणी गाडी आली. तिच्याबरोबर कर खात्याचे मोजणी अधिकारी होते, वैजनाथ मुंडले, चाळिशीचे, थकल्या डोळ्यांचे. त्या दिवशी त्यांना आणखी चार कारखाने करायचे होते. त्यांनी पहिली टोपी मालनच्या डोक्यावर चढवली आणि सुरू करा म्हणाले.

मालननं कोअर केला. यंत्रानं चौऱ्याऐंशी दाखवले.

मुंडल्यांनी टोपी नीट बसवून पुन्हा मोजलं. पंच्याऐंशी. दुसरीचे एकोणऐंशी आले, तिसरीचे ब्याऐंशी. अक्काताईचे अठ्ठ्याऐंशी लागले. तीन अंक कुठंतरी कायमचे राहून गेले होते, पण ते आत्ता महत्त्वाचं नव्हतं. अण्णा दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. यंत्र बिघडलं आहे असं निंबाळकर मोठ्यानं म्हणायला लागला. तेव्हा मुंडल्यांनी टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली, पट्टा चढवला आणि पेटीत वाळू भरली. त्यांचा कोअर ढिगाऱ्यासारखा कोसळला आणि आकडा आला सहा. बायका हसल्या. यंत्र ठीक होतं.

निंबाळकर हुशार होता. त्यानं लगेच सूर बदलला. कामगार आधीच कुशल निघाले, आनंदाची गोष्ट आहे, यंदाचा अर्ज आम्ही मागं घेतो. मुंडले म्हणाले, हरकत नाही. अर्ज मागे, विषय संपला. त्यांनी टोपी डब्यात ठेवली.

अक्काताई उठून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"साहेब, मार्चात माझा आकडा किती होता?"

त्यांनी टॅबलेटवर पाहिलं. गेल्या वर्षीचा शेवटचा आकडा, एक्क्याण्णव.

"आणि त्याच्या आधी, गेल्या मे महिन्यात? पहिला?"

सतरा. आणि त्याच्या आधीच्या मार्चात? त्यासाठी त्यांना दुसरी फाइल उघडावी लागली. नव्वद. मुंडल्यांचं बोट थांबलं. प्रत्येक वर्षाचा अर्ज नवा असे आणि प्रत्येक अर्जात दोनच आकडे असत, आधीचा आणि नंतरचा. एका वर्षाचा नंतरचा आणि पुढच्या वर्षीचा आधीचा, हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी कधी पाहिलेच नव्हते. नव्वदवरची बाई दोन महिन्यांत सतरावर कशी आली, हे विचारायचं कुणाचं कामच नव्हतं. त्यांनी मालनचे आकडे काढले, मग इतर चौघींचे. मग ते निंबाळकरकडं बघत राहिले, आणि निंबाळकर फोनमध्ये काहीतरी शोधू लागला.

"हे मला लिहिता येत नाही," मुंडले शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "अर्जात वाढीचा रकाना आहे. घटीचा नाही."

"न्हाई तर आखा," अक्काताई म्हणाली.

दारातून अण्णा पुढं आले आणि हलक्या आवाजात तिला विनवू लागले. कारखाना बंद पडेल, सगळ्यांच्याच पोटावर पाय येईल, घरचं माणूस ना तू. तिला त्यांची दया आली, आणि त्या दयेचाही तिला संताप आला. घरच्या माणसाचाच हात कापायला सोपा पडतो. कारखाना बंद पडला तर पडेल. सहा जणींचे हात आज त्यांच्यापाशी होते, आणि ते घेऊन त्या कुठंही जाऊ शकत होत्या. तिनं टेबलावरची पट्टी आणि पेन्सिल उचलली, मुंडल्यांपुढचा छापील कागद स्वतःकडं ओढला आणि त्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली. मग पेन्सिल त्यांच्यापुढं धरली.

मुंडल्यांनी ती घेतली नाही. त्यांनी खिशातलं शाईचं पेन काढलं. दुसरीकडच्या कारखान्यांचे कागद त्यांच्या बॅगेत होते, आणि त्या कागदांतही असे आकडे असणार हे त्यांना आता कळून चुकलं होतं. त्यांनी विचारलं, मथळा काय देऊ.

"काढून घेतलं, असं लिहा."

त्यांनी लिहिलं. खाली अक्काताईच्या नावापुढं त्र्याहत्तर हा आकडा घातला, मालनच्या नावापुढं एकोणसत्तर, आणि असे सहा आकडे एकाखाली एक उतरवले. मग पेन तसंच धरून त्यांनी वर पाहिलं.

"कुणी?"

बावीस वर्षांत अक्काताईनं मालकाचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. कारखान्यात कुणीच काढत नसे, ते सगळ्यांचे अण्णा होते. ती त्यांच्याकडं वळली. त्यांनी मान खाली घातली होती.

"जिनगोंडा भूपाल मगदूम," ती म्हणाली. आणि साहेबांना लिहायला सापडावं म्हणून तिनं ते नाव पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.